बारा-बीचं काळजीवाहू सरकार

निमिषच्या प्रबंधात एकतीस मंत्रिमंडळं होती आणि त्यांतलं एकही धड टिकलेलं नव्हतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत युरोपात आघाडीची सरकारं कशी जुळली आणि कशी मोडली, हा त्याचा विषय. पाच वर्षं तो पडझडीचाच अभ्यास करत होता. तेव्हा स्वतःचं काही कोसळलं तर निदान आवाज तरी ओळखू येईल, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात आवाजच आला नाही.

ईमेल आली ती मंगळवारी सकाळी, कॅम्पसच्या बसमध्ये. ज्या फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात राहत होता, त्या फाउंडेशनचे प्राधान्यक्रम बदलले होते. नव्या क्रमात जुनी मंत्रिमंडळं कुठेच बसत नव्हती. डिसेंबरनंतर शिष्यवृत्ती नाही. शिष्यवृत्ती नाही म्हणजे प्रवेश नाही आणि प्रवेश नाही म्हणजे व्हिसा नाही. हे काही ईमेलमध्ये लिहिलेलं नव्हतं, पण एवढं वाचता येण्याइतका तो शिकलेला होता. शेवटी पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा होत्या. निमिषनं ईमेल दोनदा वाचली, तिसऱ्या ओळीत स्पेलिंगची एक चूक काढली, आपल्या स्टॉपवर उतरला आणि उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणाला. मग ग्रंथालयात जाऊन १९१३ सालची डच वर्तमानपत्रं दुपारपर्यंत वाचत बसला.

याला नऊ दिवस झाले होते. नऊ दिवसांत त्यानं हे कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगलीला आईशी रोज बोलणं व्हायचं. काय जेवलास, थंडी किती, प्रबंध कुठवर आला. तो सांगायचा, वरणभात, उणे दोन, चौथं प्रकरण. तिन्ही उत्तरं खरी होती.

आता घोडं अडलं होतं ते लीजवर, म्हणजे घराच्या भाडेकरारावर. या गावाची एक खोड अशी की पुढच्या ऑगस्टचं घर आदल्या नोव्हेंबरात ठरवायचं. बर्फ पडायच्या आधी सही केली नाही, तर ऑगस्टात सामान घेऊन रस्त्यावर उभं राहायचं. बारा-बी या चार खोल्यांच्या घराच्या लीजवर चौघांच्या सह्या हव्या होत्या आणि घरं भाड्यानं देणाऱ्या ऑफिसनं दिलेली मुदत उद्याची, शुक्रवारी दुपारी बाराची होती. निमिषनं सही केली, तर आपण ऑगस्टात इथे नसणार हे ठाऊक असून चौथी खोली बाकीच्या तिघांच्या गळ्यात मारल्यासारखं होतं. नाही केली, तर का नाही ते सांगावं लागणार होतं. आणि एकदा तोंडातून निघालं की ते खरं होणार होतं. आतापर्यंत ती फक्त एक ईमेल होती.

लीजच्या आदल्या संध्याकाळी बारा-बीत खातेवाटप व्हायचं. ही प्रथा निमिषनंच पाडली होती. घरकाम कोण करणार यावरून पहिल्या वर्षी इतकी भांडणं झाली की त्यानं सरळ मंत्रिमंडळ बनवलं. संडास-बाथरूम म्हणजे गृहखातं. किराणा म्हणजे अन्न व नागरी पुरवठा. घर किती तापवायचं ते ठरवणारं थर्मोस्टॅटचं बटण हे ऊर्जाखातं. घराच्या ऑफिसशी आणि खालच्या मजल्यावरच्या ड्रमवाल्याशी बोलणं म्हणजे परराष्ट्र. यादी करायची, फ्रिजवर लावायची आणि वर्षभर तिच्याकडे बोट दाखवून भांडायचं. भांडणं कमी झाली नाहीत, पण त्यांना घटनात्मक स्वरूप आलं.

गुरुवारी संध्याकाळी सहाला चौघं स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसले. यतीन नागपूरचा, काचेला तडे का जातात यावर सहा वर्षं संशोधन करत होता. त्याच्याकडे गाडी असल्यामुळे कुठल्याही सरकारात त्याला वगळून चालत नसे. कबीर मुंबईचा, संख्याशास्त्रवाला. भांडी घासायची वेळ आली की त्याला हमखास मीटिंग निघायची. आणि चौथा कुश, याच ऑगस्टात आलेला, अमेरिकेतच, ईडन प्रेरी गावात जन्मलेला आणि वाढलेला. त्याला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. मोठ्यांना दादा म्हणायचं, एवढं मात्र आईवडिलांनी पक्कं शिकवलं होतं.

कुकरची दुसरी शिट्टी झाली तसा यतीन म्हणाला, "चला बे, सुरू करा. मी आधीच सांगतो, ऊर्जा माझ्याकडे राहीन. मागच्या वर्षी या कबीरनं अडुसष्ट फॅरनहाइटवर ठेवलं होतं. अडुसष्ट! माणसं आहोत का दही?"

"दह्याला गरम लागतं, थंड नाही," कबीर म्हणाला.

"तेच म्हणून राहिलो ना मी! दहीसुद्धा लागलं नसतं तिथे."

"यार, मी स्वेटर घालतो ना? तू पण घाल. नागपूरच्या लोकांना स्वेटर म्हणजे अपमान वाटतो का?"

"सुमंत काकांना फोन लावू का? तेच सांगतील, घरात किती ठेवायचं ते."

सुमंत काका म्हणजे पंचेचाळीस वर्षांपूर्वी इथे आलेले निवृत्त डॉक्टर. गावातल्या मराठी मुलांना ते दिवाळीला जेवायला बोलवत आणि जेवताना घर तापवणाऱ्या फर्नेसच्या देखभालीवर बोलत. त्यांना फोन लावायची धमकी दिली की वाद मिटायचा.

निमिष कागदावर रेघा आखत होता. वरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, माणूस कामात आहे. कामातच होता. नऊ दिवस तो सगळीच कामं बिनचूक करत होता. कपडे धुतले होते, दाढी केली होती, गुरुवारी दुपारी दुकानात कढीपत्ता येतो म्हणून आठवणीनं जाऊन आणला होता. फक्त हे सगळं कोणीतरी दुसराच करत होता आणि निमिष मागच्या बाकावर बसून बघत होता. वाईट वाटत नव्हतं. दंतवैद्याकडून परत आल्यावर जीभ गालाला लागते आणि गाल आपला वाटत नाही, तसं होतं.

"सव्वीस सालचा करार असा," तो म्हणाला. "ऊर्जा यतीनकडे, पण सत्तरच्या वर न्यायचं तर मंत्रिमंडळाची मंजुरी. त्या बदल्यात कबीरकडे भांडी."

"भांडी? ऊर्जा पण गेली आणि भांडी पण? हे कुठलं कोॲलिशन?"

"हे रोजचंच कोॲलिशन. १९१३ साली नेदरलँड्समध्ये समाजवाद्यांना तीन मंत्रिपदं देऊ केली होती. ताट वाढून समोर ठेवलं होतं. पक्षाचं अधिवेशन भरलं, मतदान झालं आणि त्यांनी सांगितलं, नको. तत्त्वात बसत नाही."

"मग?"

"मग जेवण दुसऱ्यांनी जेवलं."

कबीरनं शेगडीवरच्या कुकरकडे पाहिलं. "भांड्यात कुकर धरायचा का?"

"कुकर धरायचा."

"शिट्टी आणि रिंग यतीननं काढून ठेवायची. मी त्यात बोटं घालणार नाही."

"मंजूर," यतीन म्हणाला.

सरकारं अशीच बनत असावीत. निमिषनं तसं प्रबंधात लिहिलं होतं, तळटिपांसह, फक्त कुकरच्या रिंगेऐवजी तिथे रेल्वे आणि मताधिकार होते.

कुश इतका वेळ मोबाइलवर काहीतरी लिहून घेत होता. "आय ॲम फाइन विथ ट्रॅश," तो म्हणाला. "बट आय वॉन्ट अ टायटल."

"घनकचरा व पर्यावरण मंत्री," निमिष म्हणाला.

"घन मीन्स?"

"घट्ट."

"ओके. आणि मला एक कंडिशन आहे." हे वाक्य त्यानं मराठीत, पाठ केल्यासारखं म्हटलं. "माझ्याबद्दल मराठीत बोलू नका जेव्हा मी रूममध्ये आहे. मला समजते. बोलायला फास्ट येत नाही."

यतीन आणि कबीर दोघंही टेबलावरच्या डागाकडे बघू लागले. त्याच आठवड्यात त्याच्या प्रोटीन पावडरबद्दल बरंच काही बोलून झालं होतं.

"हे करारात घालू," निमिष म्हणाला आणि त्यानं ते घातलं.

तासाभरात यादी झाली. कुकर उतरवला, वरण ढवळलं आणि कबीरनं जेवायला बसायच्या आधी कागद वर धरून मोठ्यानं वाचला. ऊर्जा, दळणवळण, गृह: यतीन. भांडी, पुरवठा, परराष्ट्र: कबीर. घनकचरा, व्हॅक्यूम, बर्फ काढणे: कुश. वाचून झाल्यावर त्यानं कागद उलटा करून मागची बाजू पाहिली.

"नऊ खाती, तीन माणसं," तो म्हणाला. "आपण चार आहोत, भाई. तू कुठे आहेस?"

निमिषनं कागद घेतला. खरोखरच त्याचं नाव नव्हतं. त्यानं मुद्दाम गाळलं नव्हतं. परराष्ट्र खातं पाच वर्षं त्याच्याकडे होतं, तेसुद्धा त्यानं आपल्याच अक्षरात कबीरला देऊन टाकलं होतं, आणि लिहिताना हाताला काही वेगळं वाटलं नव्हतं.

"राहिलं," तो म्हणाला.

"काहून राहिलं?" यतीननं वरणाचा डाव तसाच हवेत धरला. "स्वतःचं नाव राहते का कोणाचं? आमच्याकडे तर लोक सगळ्यात आधी स्वतःचं टाकतात, मग जागा उरली तर पक्षाचं."

"मंत्रिमंडळ जुळवणारा त्यात असायलाच हवा असं नाही," निमिष म्हणाला. आवाज वर्गात बोलावं तसा निघाला. "लग्न जमवणारा बोहल्यावर थोडाच चढतो?"

"म्हणजे तू काहीच करणार नाहीस वर्षभर?" कबीर म्हणाला. "मस्त आहे यार. मलाही हिस्टरी घ्यायला हवी होती."

"लिही, बिनखात्याचा मंत्री."

"बिनखात्याचा म्हणजे फुकट राहणारा. नाही चालणार. काहीतरी नाव दे."

निमिषला काहीतरी देणं भाग होतं. मनात होतं ते त्यानं दिलं, फक्त ते मनात होतं हे त्याला देताना माहीत नव्हतं. "काळजीवाहू लिही," तो म्हणाला.

कबीर हसला. यतीनही हसला आणि त्यानं भात वाढायला घेतला. काळजीवाहू सरकार म्हणजे काय, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पडलेलं सरकार नवं येईपर्यंत खुर्चीतच बसून असतं, मोठा निर्णय घेत नाही, फक्त दिवाबत्ती तेवढी बघतं. या शब्दाकडे दोघांपैकी कुणीही दुसऱ्यांदा पाहिलं नाही. जो शब्द आपण रोज वाचतो तो आपण कधीच वाचत नाही.

कुशनं मात्र तो पहिल्यांदाच ऐकला होता.

"वेट," तो म्हणाला. त्यानं मोबाइल खाली ठेवला. "काळजी इज वरी, राइट? आजी एव्हरी संडे म्हणते, काळजी करू नको. ॲण्ड देन शी सेज काळजी घे. व्हिच मेक्स नो सेन्स. आधी करू नको, मग घे."

"घे म्हणजे टेक केअर, अरे," कबीर म्हणाला.

"ओके, व्हॉटेव्हर. ॲण्ड वाहू... एअरपोर्टवर आजोबा म्हणतात, ओझं नको वाहू, ट्रॉली घे. सो काळजीवाहू इज द गाय हू कॅरीज द वरी." तो निमिषकडे वळला. चेहऱ्यावर शब्द सुटल्याचा साधा आनंद होता, दुसरं काही नव्हतं. मग त्यानं वाक्य मनात जुळवलं आणि सावकाश, एकेक शब्द ठेवत विचारलं, "दादा, तू काय वाहतोस?"

मराठीत असं कोणी विचारत नाही. म्हणून त्याला तयार उत्तरही नव्हतं. काय झालं, बरा आहेस ना, टेन्शन आहे का, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं निमिषकडे नऊ दिवस इस्त्री करून ठेवलेली होती. या प्रश्नाची नव्हती.

"माझी शिष्यवृत्ती बंद होतेय," तो म्हणाला. "डिसेंबरात. व्हिसा पण. मी ऑगस्टात इथे नसेन. उद्या मला सही करता येणार नाही."

एवढंच. चार वाक्यं. एकाही वाक्यात आवाज हलला नाही, याची त्यानं स्वतःच नोंद घेतली.

यतीननं वाढलेला भात ताटात तसाच राहिला. "कधी कळलं तुला?"

"मागच्या मंगळवारी."

"मंगळवारी? म्हणजे नऊ दिवस?" यतीनचा आवाज चढला. "नऊ दिवस तू माझ्याकडून थर्मोस्टॅटवर भाषणं ऐकून घेऊन राहिलास? अरे, एकदा तरी म्हणायचं ना, चूप बस बे, माझं घर बुडालं! मी बसलो असतो ना चूप!"

"तू नसता बसलास," कबीर म्हणाला.

"नसतो बसलो. पण त्यानं म्हणायचं तर होतं!"

"आणि आज दुपारी कढीपत्ता कोणी आणला?" कबीर म्हणाला. "हा माणूस देशातून चाललाय आणि कढीपत्ता आणतोय. आठवणीनं."

"गुरुवारीच येतो तो," निमिष म्हणाला.

 यतीननं डाव पातेल्यात ठेवला, उठून थर्मोस्टॅटपाशी गेला आणि तो बहात्तरवर नेला. मंत्रिमंडळाची मंजुरी घेतली नाही. कबीरनं ते पाहिलं आणि विरोध केला नाही. बारा-बीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं.

"तुझ्या गाइडला माहीत आहे?" कबीरनं विचारलं.

"नाही."

"आईला?"

"नाही."

"म्हणजे आम्हीच पहिले." कबीरनं चष्मा काढून पुसला. आकडेमोड करताना तो असंच करायचा. "बरं. जानेवारीपासून तुझी खोली दुसऱ्या कुणाला पोटभाड्यानं, सबलेट होईल, दर जानेवारीत लोक खोल्या शोधतच असतात. ऑगस्टचं उद्या ऑफिसशी बोलू, मुदत मागू. तुझे पर्याय काय ते सोमवारी तुझ्या गाइडला विचारू. सोमवारी म्हणजे सोमवारी. आता जेव."

"पर्याय बहुधा नाहीत," निमिष म्हणाला.

"बहुधा हा माझा विषय आहे, तुझा नाही. जेव."

चौघं जेवले. वरणाला फोडणी चांगली बसली होती. निमिषनं दोनदा भात घेतला आणि दोन्ही वेळा त्याला चव कळली की नाही, ते त्याला सांगता आलं नसतं. कुश मधेच म्हणाला, "सॉरी, डिड आय से समथिंग राँग?" आणि यतीननं त्याच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की त्याला ठसका लागला. बहुधा ते उत्तर होतं.

शुक्रवारी पावणेबाराला चौघं ऑफिसात गेले. परराष्ट्र खातं कबीरकडे गेलं असलं तरी बोलायला निमिषच उभा राहिला. काउंटरवरच्या बाईंना पाच वर्षं तोच माहीत होता. तीन सह्या झाल्या. चौथ्या ओळीवर बाईंनी पेनाचं टोक ठेवलं आणि वर पाहिलं. निमिषनं सांगितलं, आपण असणार नाही. तेच वाक्य, यावेळी इंग्रजीत. दुसऱ्यांदा म्हणताना ते जरा हलकं होतं, पण त्याला ते हलकं नको होतं. बाई म्हणाल्या की त्यांना वाईट वाटतं. त्यांना खरोखर वाटत असावं. मग त्यांनी ओळीपुढे पिवळी चिकटपट्टी लावून त्यावर "बुधवार" असं लिहिलं. तोवर चौथा माणूस आणा, नाहीतर घर दुसऱ्यांना जाईल.

"अल्पमतातलं सरकार," बाहेर पडताना निमिष म्हणाला.

"बुधवारपर्यंत कुणालातरी फोडू," यतीन म्हणाला. "गाडी आपल्याकडे आहे. लोक गाडीला फुटतात."

यतीन आणि कबीर तिथूनच लॅबला गेले, कुश क्लासला. निमिष बसनं एकटाच घरी आला. बूट काढून तो पाणी प्यायला म्हणून फ्रिजपाशी गेला, तर दारावर कालची यादी लावलेली होती. कबीरनं लावली असणार, कारण तिरकी होती. तळाशी मात्र नव्या दोन ओळी होत्या. अक्षर कुशचं होतं. कचऱ्याच्या पेटीवर स्टिकर चिकटवावेत तशी सुटी सुटी, मोठी अक्षरं. देवनागरीचा तक्ता बाजूला ठेवून, बघून काढल्यासारखी शिरोरेघ.

त्यानं शब्दाचे दोन तुकडे करून एक खातं बनवलं होतं. "काळजि वाहू", आणि पुढे, कचरा बाहेर ठेवायच्या पाळ्या लिहितात तशा पाळ्या. सोम, मंगळ: यतीन. बुध, गुरु: कबीर. शनि, रवि: कुश. शुक्र: निमिष.

आठवड्यातले सहा दिवस तिघांनी वाटून घेतले होते. त्याच्या वाट्याला एकच आला होता.

"काळजि" ऱ्हस्व होतं. निमिषच्या खिशात पेन होतं. सवयीनं हात खिशाकडे गेला, पेन बाहेरही आलं, आणि मग त्यानं ते टोपण न काढता पुन्हा ठेवून दिलं.

आज शुक्रवार होता. मायक्रोवेव्हवरचं घड्याळ बारा वाजून वीस मिनिटं दाखवत होतं. सांगलीत अकराला दहा कमी. आई अकराला झोपते.

त्यानं खुर्ची ओढली, बसला आणि फोन लावला. दुसऱ्या रिंगला तिनं उचलला.

"आज एवढ्या उशिरा कसा रे? जेवलास का?"

"नाही अजून," निमिष म्हणाला. दहा दिवसांत पहिल्यांदाच तिन्ही उत्तरं तयार नव्हती. "आई, जरा बस. उभी असशील तर बस."